पान बेचाळीस

"या मॅडम," गादीवाली म्हणाली, आणि ताई उंबऱ्यातच अडखळल्या.

अकरा वर्षांत या घरात त्यांना कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. विद्यापीठात त्या मॅडम होत्या, समाज-सहभाग केंद्राच्या प्रमुख होत्या, परिषदांच्या पत्रिकांवर तर त्यांच्या नावाआधी-नंतर इतकी अक्षरं लागत की नाव शोधावं लागे. वस्तीत मात्र त्या नुसत्या ताई. वस्तीने दिलेली हीच आपली खरी पदवी, असं त्या प्रत्येक भाषणात सांगायच्या. इतक्यांदा, की विभागातले तरुण प्राध्यापक ते वाक्य त्यांच्याआधीच मनात पुरं करून टाकत.

गादीवाली जमिनीवर पसरलेल्या गादीला टाके घालत होती. दाभण खुपसायचं, सुतळी ओढायची, गाठ मारायची. बसा, असं काही ती म्हणाली नाही. तिचा नवरा डेपोत मेकॅनिक होता. कामाचा दिवस, सकाळचे साडेनऊ वाजलेले, आणि तो खिडकीशी, दाराकडे पाठ करून बसला होता.

"चार दिवस झाले," गादीवाली म्हणाली. "कामावर गेले नाहीत. माझ्याशी शब्द नाही. ताट वाढलं की उठून बाहेर जातात."

हे सगळं ताईंना कळलेलं होतं, पण कळलेलं असणं वेगळं आणि ती पाठ समोर असणं वेगळं.

झालं होतं ते असं. घरातल्या आजारी, म्हाताऱ्या माणसांचं कोण बघतं, कसं बघतं, याचा अभ्यास केंद्राने वस्तीबरोबर मिळून केला होता. वस्तीतल्या बारा बायका, परिचारिका महाविद्यालयाच्या आठ मुली आणि वर ताई. वर्षभर मुलाखती चालल्या. मग देखणी पुस्तिका निघाली आणि ताईंच्या आग्रहाने ती घरोघर वाटली गेली. वस्तीचं होतं ते वस्तीला परत दिलं पाहिजे, हा त्यांचा बाणा. पुस्तिकेच्या बेचाळिसाव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत छापलं होतं:

'सहभागी क्रमांक सात. वय चव्वेचाळीस. गाद्या शिवण्याचा व्यवसाय. "सासूबाईंना आत ठेवून मी बाहेरून कडी लावून जायचे. त्या दिवशी दुपारी परत आले, तर त्या गेलेल्या होत्या."'

ते पान गादीवालीच्या नणंदेने भावाला वाचून दाखवलं. मोठ्याने, दारात उभं राहून. तीन वर्षं तो माणूस सगळ्यांना सांगत आला होता, की माझी आई सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

पूर्वी असं होणं शक्यच नव्हतं. छापायच्या आधी सगळा मजकूर वस्तीच्या हॉलमध्ये वाचून दाखवायचा, ज्यांचं बोलणं त्यात आहे त्यांना पुढे बसवायचं, त्यांनी काढा म्हटलं की काढायचं, हा ताईंनीच घालून दिलेला शिरस्ता होता. एकदा तर गिरणीवाल्याने बायकोबद्दलचं एक वाक्य काढायला लावलं आणि बायकोने उभं राहून ते परत घालायला लावलं. हॉल हसून हसून बेजार झाला होता. पण या वर्षी केंद्राची तपासणी करणारी समिती तीन आठवडे आधीच येणार असं कळलं, छापखान्याची घाई झाली, आणि ताई म्हणाल्या, "या वेळी वाचन नंतर करू." एवढंच. चहाचा कप हातात असताना म्हणाल्या होत्या.

समिती आज अकरा वाजता वस्तीत यायची होती. केंद्राची पुढची पाच वर्षं तिच्या शेऱ्यावर टांगलेली होती. आणि अध्यक्षांनी मुद्दाम कळवलं होतं, की आम्हाला सात नंबरला भेटायला आवडेल. येताना रिक्षात ताईंनी माफीची वाक्यं जुळवली होती आणि माफीच्या मागोमाग विनंतीचीही. दोन्हींतलं कुठलं काम त्यांना इथवर घेऊन आलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

"चूक झाली," त्या म्हणाल्या. "फार मोठी चूक झाली. मी माफी मागायला आलेय."

"बरं," गादीवाली म्हणाली आणि सुतळी दाताने तोडली.

त्या 'बरं'वर ताईंनी गप्प राहायला हवं होतं. पण तीस वर्षं वर्गात बोललेलं तोंड, ते गप्प कसलं राहतंय.

"म्हणजे नाव कुठेच येऊ दिलं नव्हतं आम्ही. ती काळजी घेतली होती. आणि तशी तुम्ही सही पण केली होती ना, कागदावर."

बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. तो कागद आत्ता त्यांच्या पर्समध्ये होता. सकाळी फाइलमधून काढताना, कशाला नेतोय आपण हा, असं त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. त्याचं उत्तर आता मिळालं होतं.

गादीवालीने पहिल्यांदा मान वर केली.

"केली ना सही. तुम्ही म्हणालात, नाव येणार नाही. नाहीच आलं, खोटं कशाला बोलू? पण मॅडम, माझं नाव या गल्लीत माहितीय कुणाला? हा गिरणीवाला, तो नळवाला, ती वरची मास्तरीण. नावाने इथे कोण कुणाला हाक मारतं? लग्न होऊन आले तेव्हापासून मला सगळे गादीवालीच म्हणतात. आणि अख्ख्या वस्तीत गाद्या शिवणारी मी एकटी. नाव छापलं असतंत तर उलट कुणाला पत्ता लागला नसता."

ताईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. कारण खरंच, तिचं नाव त्यांनाही आज सकाळी त्या सहीवरूनच कळलं होतं. अकरा वर्षांनी. माणसाची ओळख कशी झाकायची यावर त्यांनी एक अख्खा धडा लिहिला होता, तो तीन विद्यापीठांत शिकवतात.

"ते रेकॉर्डिंग आहे का?"

खिडकीतला माणूस बोलला होता. पाठ अजून तशीच.

"आहे," ताई म्हणाल्या. मुलाखती स्वतःच्या फोनमध्ये ठेवायच्या नाहीत हा नियमही त्यांचाच, आणि ही त्यांच्या फोनमध्येच होती. "पण यांना विचारल्याशिवाय मी..."

"आता विचारताय!" गादीवाली म्हणाली. मग हात झटकून तिने दाभण बाजूला ठेवलं. "ऐकवा. छापलंय ते अर्धंच आहे. चार दिवस हेच सांगतेय यांना, पण छापलेल्यापुढे माझं कोण ऐकतंय?"

ताईंनी फोन गादीवर ठेवला. आधी नळाचा आवाज आला, मग गादीवालीचा.

"...बाहेरून कडी लावून जायचे. त्याच सांगायच्या लाव म्हणून. अगं, मला भान राहत नाही, मागच्या वेळी चौकात सापडले, परत कुठे निघून जाईन, तू लावून जा. आणि याला सांगू नकोस हं, नोकरी सोडून घरी बसेल हा वेडा. माझी शपथ आहे तुला. मग काय करणार? दुपारी धावत यायचे मी. त्या दिवशी गिऱ्हाइकाने अडवून ठेवलं, पाऊण तास उशीर झाला. आले तर त्या गेलेल्या होत्या. अंग अजून गरम होतं हो. मी डोकं मांडीवर घेतलं..."

पुढे नुसतं रडणं होतं. आणि त्यावर दुसरा एक आवाज, गोड, समंजस, घाईतला: "छान, छान. फार महत्त्वाचं सांगितलंत. आता एक शेवटचा प्रश्न. शौचालय घरातच आहे, की बाहेर?"

ताईंनी झडप घालून फोन बंद केला. कानापर्यंत तापल्या त्या. आवाज त्यांचाच होता. छान, छान! आणि मधली ती सगळी वाक्यं त्यांनीच काढली होती, जागा कमी पडते म्हणून. समासात 'मुद्दा पुरेसा स्पष्ट' असा शेरा मारून.

"परत लावा," नवरा म्हणाला. आता तो वळला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. "आई म्हणते तिथून."

दोनदा लावलं. तिसऱ्यांदा त्याने हातानेच नको अशी खूण केली.

"चौकात कधी सापडली होती?"

"तुमची बाहेरगावची ड्यूटी होती तेव्हा. दूधवाल्याने आणून सोडलं."

"मला सांगायचं नाहीस?"

"शपथ घातली होती त्यांनी. आणि मांडीवर डोकं होतं, ते काही खोटं नव्हतं. थोडा उशीर झाला, एवढंच सांगितलं नाही."

तो सरकत सरकत गादीपाशी आला आणि तिची पलीकडची कड दोन्ही हातांनी दाबून धरली. तिने दाभण उचललं. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती.

"मॅडम, तुम्ही निघा आता," गादीवाली म्हणाली. "आणि त्या पाहुण्यांना इकडे आणू नका. गिरणीवाला सांगत होता, त्यांना मला बघायचंय म्हणून."

म्हणजे विनंती न करताच पोचलेली होती. ताईंना चपला घालताना पट्टा सापडेना.

गल्लीच्या तोंडाशी समिती येऊन उभी होती, वेळेच्या आधीच. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, प्रेमळ चेहऱ्याचे. पुस्तिका हातात, बेचाळिसाव्या पानात बोट घातलेलं.

"अहो, या बाईंनी मला झोपू दिलं नाही," ते म्हणाले. "काय धैर्य! चला, भेटवा."

"नाही भेटवता येणार," ताई म्हणाल्या. "ते पान चुकीचं आहे. त्यांना वाचून न दाखवता छापलं. आणि अर्धं छापलं. कापलं ते मीच."

समितीला घेऊन आलेला विभागातला तरुण प्राध्यापक त्यांच्याकडे बघतच राहिला. समितीतल्या एकीने वहीत काहीतरी टिपलं.

"अस्सं," अध्यक्ष म्हणाले. ते रागावले नव्हते, उलट त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "नको तर नको. पण राहतात ना त्या इथेच? याच गल्लीत?"

ताई गल्लीच्या मधोमध, दोन्ही भिंतींपर्यंत पुरेल तेवढं अंग पसरून उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीमागे, तिसऱ्या दारासमोर, गाद्यांसाठी उन्हात घातलेल्या कापसाचा मोठा ढीग होता, आणि पाहुणे त्यांच्या खांद्यावरून तिकडेच बघत होते.