रडणारा खाचकार

गेले दोन महिने दर रविवारी आर्मेनियातल्या आमच्या गावच्या खाचकारपुढे जत्रा भरत होती. क्रॉस कोरलेला हा दगड आठशे वर्षं गुमान उभा होता. त्याला रडू फुटलं ते गावातल्या ह्राचिकची ट्रकवरची नोकरी सुटल्यावरच!

"लावा डोळ्यांना! मोतीबिंदू, काचबिंदू, सगळे बिंदू पळतील!" दगडावरून ओघळणारे आसू वाटत ह्राचिक ओरडायचा. नवसाच्या कोंबड्याचं मांस सात घरी वाटायची आमची रीत. ह्राचिकच्या मते सातही घरं त्याचीच.

माझ्या सतेनिकताईला काचबिंदू. डॉक्टरांचे थेंब बंद करून ती हे आसू घालत होती.

"ताई, डोळे जातील गं!"

"आपले पूर्वज या क्रॉससाठी मेले, अर्पेनिक. तू देव मानत नाहीस, मग स्वतःला आर्मेनियन तरी कशाला म्हणवतेस?"

हे मी वीस वर्षं ऐकतेय. पूर्वजांचा मलाही अभिमान आहे. पण ते काही ह्राचिकचे कोंबडे शिजावेत म्हणून मेले नव्हते.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शनिवारी शाळेतलं स्टूल नेऊन दगड तपासला. माथ्यावर, शेवाळाखाली, मुठीएवढा खड्डा पाण्याने भरलेला. पुढून मेणबत्त्यांच्या मेणाचा जाड थर. तो सगळ्याच खाचकारांवर असतो, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. क्रॉसखाली मात्र मेणाला दोन बारीक ओरखडे.

लाल रंग ओतला असता तर 'रक्त, रक्त!' म्हणत कोंबडे दुप्पट झाले असते. म्हणून रविवारी उजाडताच पाणी टिपून काढलं आणि तर्खून ओतलं, आमच्याकडचं ते हिरवंगार गोड सरबत.

गर्दीसमोर आसू हिरवे ओघळले. ह्राचिकची बोबडी वळली. "हा... हा वसंताचा संकेत!"

गर्दीतल्या वार्सेनिक आजीने बोटाने चाटून पाहिलं. "संकेत कसला मेल्या, तर्खून आहे हे!"

मी शेवाळ उपटून खड्डा दाखवला. "आपला दगड सच्छिद्र, पाणी पितो. मेणाने वाट अडवलेली, म्हणून ते फक्त ओरखड्यांतून झिरपतं. रडतंय कोण? कुणीच नाही!"

ह्राचिक कधी पसार झाला, कळलंही नाही. ताईने त्याच दिवशी डॉक्टर गाठला. उजवा डोळा वाचला, डावा गेला. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही.

ताई अजून खाचकारपुढे मेणबत्ती लावते. मी तिच्या डाव्या बाजूने चालते, ठेच लागू नये म्हणून. देव मानायचा तर खुशाल माना. पण डोळ्यांत काय घालायचं ते डॉक्टरला विचारा, आणि वेळेवर विचारा.