सुरभी हिंदीत बोलते

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी बबिता राठोड तांड्याबाहेरच्या पाण्याच्या टाकीमागे एकटीच जाऊन बसली. मोबाइलवर निकाल उघडताना तिला जवळ कोणी नको होतं. बाकीचे विषय पहिल्याच वर्षी सुटले होते, इंग्रजीनं मात्र तिला धरून ठेवलं होतं. ही तिसरी खेप. पडद्यावरचं चाक गरगर फिरून थांबलं, इंग्रजीपुढचा आकडा दिसला, आणि तिनं मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला. पहिल्या खेपेला ती दोन दिवस जेवली नव्हती. दुसऱ्या खेपेला आईवर खेकसली होती. आता रडूही येईना. घरी जाऊन पुन्हा तेच सांगायचं आणि पुन्हा सगळे तेच विचारणार, पुढं काय, एवढ्याचाच तिला कंटाळा आला होता.

ऊन उतरल्यावर ती घरी आली. अंगणातल्या बाजेवर सुनील पवार बसून चहा पीत होता.

तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. आई धुरपताबाई चुलीपाशी होती, तिला निकाल आज आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. सुनीलनं कप खाली ठेवला आणि मोठ्या भावानं बोलावं तसं बोलला, "जाऊ दे बबिता. मनाले लावून घेऊ नको. इंग्रजी काही सगळ्यायलेच जमत नाई."

सुनील दिग्रसकडच्या एका तांड्यातला, म्हणजे आपल्या बंजारा समाजातलाच. अंगात पांढरा शर्ट, बोलणं हळू, आला की आधी म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. गुजरातेत एक मसाल्याची कंपनी आहे, तिथं मुलींना पॅकिंगचं काम मिळतं, राहणं-जेवण कंपनीचंच, असं तो सांगे. दर वर्षी निकालाच्या आठवड्यात त्याची जीप या भागातल्या तांड्यांतून फिरे. नापास मुलींची घरं त्याला कोणी दाखवावी लागत नसत. पास झालेल्यांच्या दारात तो कधी उभा राहिला नाही, पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्यानं शेजारच्या हंसाबाईची सुरभी नेली होती. सुरभी आणि बबिता पहिलीपासून एका बाकावर बसल्या, इंग्रजीत नापासही जोडीनंच झाल्या. सुरभी गेली ती गेलीच. होळीला पुण्या-मुंबईला गेलेला माणूसही तांड्यावर परततो, लेंगीची गाणी म्हणतो, पण सुरभी आली नाही. सुट्टी मिळाली नाही म्हणून सुनीलच तिच्या आईसाठी साडी घेऊन आला होता. हंसाबाईनं ती साडी सगळ्या तांड्याला दाखवली होती.

बबिताचा बाप लालसिंग आर्णीच्या एका दुकानदाराचा टेम्पो चालवायचा. तो संध्याकाळी आला, सुनीलचं सगळं ऐकून घेतलं आणि लेकीकडे पाहिलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं, असं बबिताला वाटलं. तो एवढंच म्हणाला, की घरी बसून झुरण्यापेक्षा चार पोरींत राहशील, सुरभी आहेच तिथं.

"सुरभीशीच बोल ना," सुनील म्हणाला, आणि त्यानं तिथल्या तिथं फोन लावून स्पीकरवर टाकला.

सुरभीचा आवाज आला. ती हिंदीत बोलत होती. यहाँ सब अच्छा है, खाना अच्छा है, तू भी आ जा. बबितानं विचारलं ते गोरबोलीत. तांड्यात दोन माणसं भेटली की बोली आपलीच असते, मराठी फक्त शाळेत आणि बाजारात. पण सुरभी उत्तर देत राहिली ते हिंदीतच, आणि एक वाक्य झालं की थोडी थांबायची, मग पुढचं बोलायची. तेवढ्यात हंसाबाई ओल्या हातानं धावत आली आणि फोनजवळ तोंड नेऊन लेकीला हाका मारू लागली. पलीकडून सुरभी म्हणाली, "मम्मी, मैं ठीक हूँ. चिंता मत करना."

आईला ती जन्मभर याडी म्हणत आली होती. हंसाबाईला हिंदी धड कळत नाही. ती हसली, पदरानं डोळे पुसले आणि धुरपताबाईला कौतुकानं म्हणाली, की पाहा, पोरगी कशी शहाण्यासारखी बोलायला लागली.

बबिताला काहीतरी खटकलं. काय, ते तिला सांगता आलं नसतं. सुनील तिच्याकडेच पाहत होता. तो म्हणाला, की तिथं सगळ्या राज्यांच्या पोरी असतात, म्हणून सगळ्यांना हिंदीचीच सवय लागते. बबितानं मान हलवली.

जीप आठवड्यानं येणार होती. त्या आठवड्यात बबितानं स्वतःची समजूत घातली, कारण तिला जायचंच होतं. पुन्हा फॉर्म, पुन्हा तोच पेपर, पुन्हा पास झालेल्या मैत्रिणींचे यवतमाळच्या कॉलेजातले फोटो, हे तिला नको होतं. लग्नाचं म्हटलं तरी पाहुणे आधी बारावी झाली का तेच विचारत. तिनं बॅग भरली. पण भांडी घासताना, पाणी भरताना मधूनच ते "मम्मी" कानात यायचं आणि हात थांबायचा. बकऱ्यांशीसुद्धा गोरबोलीत भांडणारी सुरभी. ती आईशी हिंदीत कायले बोलेल? आपली बोली न कळणारं कोणी पलीकडे ऐकत बसलेलं असेल, तरच. हा विचार आला की बबिता तो झटकून टाकी. आपण भित्र्या आहोत, म्हणूनच पेपरातही असंच होतं, असं स्वतःला सांगे.

जीप आली ती सकाळी. तांड्यातले बरेच जण निरोप द्यायला जमले होते, तांड्याचा प्रमुख, नायक देवसिंगही काठी टेकत आला होता. जीपमध्ये मागे आधीच दोन मुली बसल्या होत्या, दुसऱ्या तांड्यांवरच्या. दोघी खिडकीबाहेर न पाहता पायांकडे पाहत होत्या. सुनील लालसिंगच्या पाया पडला, बबिताची बॅग उचलून ठेवली आणि हात पुढं केला.

"आधार कार्ड दे. अन् मोबाइल माह्याजवळ ठेव. तिथं गेल्यावर नवीन सिम देतो."

मोबाइल द्यायला बबितानं हात पुढं केला आणि तिथंच थांबवला. मागच्या मुलींपैकी एकीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या मुलीच्या हातातही मोबाइल नव्हता.

"सुनीलभाऊ," बबिता म्हणाली, "सुरभीले एकदा फोन लावा. तिले तिच्या याडीशी आपल्या बोलीत दोन शब्द बोलू द्या. मग मी बसतो."

सुनील हसला. आता ड्युटीची वेळ आहे, सुपरवायझर रागावते, असं त्यानं सांगितलं. बबिता जागची हलली नाही. लालसिंगला लाजल्यासारखं झालं, तो लेकीला म्हणाला की उगाच गाडीची खोटी करू नको. पण हंसाबाई पुढं आली होती. लेकीचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल एवढंच तिला कळलं होतं. लाव ना बापा, ती म्हणाली. देवसिंग नायकही म्हणाला, लाव. एवढ्या माणसांपुढं नाही म्हणणं सुनीलला जमलं नाही. त्यानं फोन लावला आणि सुरभी लाइनवर येईपर्यंत बोटानं बोनेटवर ठेका धरून राहिला.

"हाँ, बोलो," सुरभी म्हणाली.

बबिता गोरबोलीत म्हणाली, की आम्ही सगळे इथं उभे आहोत, तुझी याडी उभी आहे, आपल्या बोलीत बोल, मी गाडीत बसू का?

पलीकडून एका बाईचा आवाज आला, क्या पूछ रही है? आणि त्या आवाजावरून उडी मारावी तशी सुरभी घाईनं आपल्या बोलीत बोलली, "बबिता, मत आव. मत आव."

फोन बंद झाला.

सुनील म्हणाला, नेटवर्क गेलं. त्यानं पुन्हा लावल्यासारखं केलं, मोबाइल खिशात घातला, बबिताची बॅग काढून जमिनीवर ठेवली आणि अजिबात घाई न करता जीपमध्ये बसला. देवसिंगनं दारावर हात ठेवला तोवर चाकं फिरली होती. त्या दोन मुली आतच होत्या.

देवसिंगनं तांड्या-तांड्यांवर फोन केले. दिग्रसच्या अलीकडे त्या मुलींच्या बापांनी जीप अडवून पोरी उतरवून घेतल्या. सुनीलनं वाददेखील घातला नाही. पोलिसांनी बोलावलं तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मुली सज्ञान आहेत, स्वखुशीनं येत होत्या, सुरभीचा ठेकेदार बदलला, तिचं आता मला काही माहीत नाही, असं लिहून दिलं आणि संध्याकाळी घरी गेला. सुरभीचा नंबर त्या सकाळपासून बंद होता.

पुढचे दिवस बबिताला जड गेले. आधी तांडा तिला शहाणी म्हणाला. मग कोणीतरी म्हणालं, की हिनं सगळ्यांपुढं त्या पोरीला बोलायला लावलं, आता तिथं तिचं काय केलं असेल? ते हंसाबाईपर्यंत पोचलं. त्यानंतर हंसाबाई बबिताला पाहिलं की आत जाऊन दार लोटून घ्यायची. बबिताला त्या बाईचा राग आला नाही. तेच तिच्याही मनात रोज येत होतं.

पुरवणी परीक्षेचा फॉर्म धुरपताबाईनं भरायला लावला. बबिता पुस्तक उघडायची आणि एकाच पानावर बसून राहायची.

जुलैत इंग्रजीच्या पेपरला ती आर्णीला गेली. बाप टेम्पोतून सोडून गेला. गेटवरचे सर मोबाइल बंद करून बॅगेत टाका म्हणून ओरडत होते. ती मोबाइल बंद करणार तोच वाजला. नंबर अनोळखी.

"बबिता?" आवाज कुजबुजत होता, आणि बोली आपली होती.

बबिता गेटपासून बाजूला झाली. सुरभीनं भराभर सांगितलं. हात मशीनमध्ये गेला होता. जखम चिघळली तेव्हा त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात आणून टाकलं होतं. सोबत ती सुपरवायझर बाई होती, ती आता खाली चहाला गेली होती. फोन शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा होता. याडीचा नंबर लागत नव्हता, आणि पाठ असलेला दुसरा नंबर हाच.

"दवाखान्याचं नाव वाच," बबिता म्हणाली. "बोर्डावर काय लिवलं हाय?"

सुरभीला गुजराती वाचता येईना. खाली इंग्रजीत होतं. ती एकेक अक्षर सांगू लागली आणि बबिता ते तळहातावर पेनानं लिहू लागली. आत घंटा झाली. गेटवरचे सर म्हणाले, येते का मुली, गेट लावतो. बबितानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवून नाही म्हटलं. गेट लागलं.

तिनं सुरभीला सांगितलं, की खाट सोडू नको, ती बाई उठ म्हणाली तर ओरड, आणि फोन नर्सला दे. नर्सशी ती हिंदीत बोलली. मोडकंतोडकं बोलली, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणाली, इसको किसी के साथ मत भेजना. मग तिनं बापाला फोन केला.

लालसिंग आणि देवसिंग पोलिसांना घेऊन त्याच दिवशी निघाले. सुरभी दवाखान्यातच सापडली. ती सुपरवायझर बाई पळाली होती. सुरभीनं दाखवलेल्या कारखान्यावर पोलीस गेले, तर मागच्या खोलीत ओळीनं अंथरुणं होती, दोरीवर ओले कपडे होते आणि गॅसवर भात अर्धवट शिजलेला होता. माणूस एकही नव्हतं. तिच्यासोबत अजून कितीतरी पोरी होत्या, असं सुरभी सांगत राहिली. कुठं नेल्या असतील, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ती घरी आली तेव्हा उजवा हात पट्टीत होता. हंसाबाई बबिताच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं बबिताचं डोकं छातीशी धरलं आणि तशीच उभी राहिली. सुरभी मात्र दिवसा झोपायची, गाडीचा आवाज आला की उठून भिंतीला टेकायची. सुनीलला पोलिसांनी आत घेतलं आणि थोड्याच दिवसांत तो जामिनावर बाहेर आला.

एका सकाळी लालसिंगनं टेम्पो पुसता पुसता बबिताला विचारलं, आता काय करतं? या वेळी त्याच्या विचारण्यात उत्तराची घाई नव्हती.

"फेब्रुवारीत पुन्हा बसतो," ती म्हणाली. "नाई झाली पास तर त्याच्यापुढं पाहू. पण आता मी घरात बसत नाई."

तिनं दिग्रसला शिवणाचा क्लास लावला. हात बरा झाल्यावर सुरभीलाही न्यायचं, असं तिच्या मनात होतं. पहिले काही दिवस नीट गेले.

दहावीच्या पुरवणीचा निकाल लागला त्या दुपारी ती क्लासहून परत निघाली होती. एसटी स्टँडवरून हलत होती, बबिता खिडकीशी बसली होती. चहाच्या टपरीपाशी सुनील उभा होता. तोच पांढरा शर्ट. त्याच्यासमोर एक म्हातारासा माणूस आणि त्याची मुलगी होती. दहावीचीच असावी, डोळे रडून सुजलेले. सुनीलनं तिच्या हातात चहाचा कप दिला आणि वाकून काहीतरी सांगितलं. मुलीनं मान हलवली.

मग त्याचं लक्ष एसटीकडे गेलं. त्यानं बबिताला ओळखलं. तो दचकला नाही, त्यानं तोंडही फिरवलं नाही. लग्नात एखादा पाहुणा दिसावा तसा त्यानं हात वर केला आणि हसला.

एसटीनं वळण घेतलं. आजूबाजूला कोणी ओळखीचं नव्हतं, बाप आर्णीला होता. त्या टपरीपाशी तिला एकटीलाच जावं लागणार होतं.

ती उठली आणि कंडक्टरला म्हणाली, "गाडी थांबवा. मले उतरायचं हाय."