बारावा शब्द

गुणाजीने पट्टी एकेक ओळ खाली सरकवत पान संपवलं, अंगठा जिभेला लावला आणि पुढचं पान उलटलं. ‘जे’ची अजून चार पानं शिल्लक होती.

“डिक्शनरी म्हणे,” तो पुटपुटला. “शब्दाचं डोकं माहीत असेल तरच सापडणार. नुसतं पोट माहीत असलं तर बसा शोधत.”

जानकी नर्सिंग होममधून नुकतीच आली होती. पाय धुऊन तिने स्टोव्हला पंप मारला. काय शोधताय, असं विचारलं नाही. इंग्रजी साप्ताहिकातला तो कागद आठ दिवस तिथेच पडलेला होता. तीन-तीन अक्षरांचे बारा गट. प्रत्येक गट जसाच्या तसा पोटात असलेला शब्द शोधायचा. बक्षीस टेपरेकॉर्डर. रात्रशाळेतल्या इंग्रजीवर गुणाजीने अकरा शब्द लावले होते. बारावा अडला होता. एक्स, वाय, जी. शनिवार शेवटची तारीख आणि आज गुरुवार.

गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष उलटून गेलं होतं. कांदिवलीच्या या चाळीतले गिरणीवाले दोघे-तिघे गावी परतले. शेजारचा शिवदास जुहूच्या एका हॉटेलात लागला. साप्ताहिक त्यानेच आणून दिलं होतं. गुणाजी घरीच होता. मागच्या महिन्यात जानकीने डॉक्टरांकडे शब्द टाकून त्याच्यासाठी वॉर्डबॉयची जागा मिळवली, तर दोन दिवस तो तिच्याशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “माझं तू शोधायचं नाहीस.”

“चहा घ्या.”

“ठेव.”

“कुठवर आलं?”

“तुला काय करायचंय?”

तिने कप ठेवला. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण रोज कप ठेवताना त्या तीन अक्षरांचे आकार तिच्या डोळ्यांत बसले होते. एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन काठ्या, फाटा फुटलेली फांदी आणि आत वळलेला आकडा. आज दुपारी सात नंबरच्या म्हातारबाबांसाठी ती काळी टाकी ढकलत नेत होती, तेवढ्यात टाकीवरच्या पांढऱ्या अक्षरांत तिला तेच तीन आकार दिसले. त्याच क्रमाने. ती जागीच थांबली.

“मावशी, काय बघत बसलात? चला लवकर,” सुलक्षणा सिस्टर म्हणाल्या.

म्हातारबाबांचा श्वास जरा थाऱ्यावर आल्यावर जानकीने सिस्टरना एवढंच विचारलं, की टाकीवरचा शब्द कुठल्या अक्षराने सुरू होतो.

आता तो शब्द तिच्या ओठांवर होता. पट्टीवर वाकलेली नवऱ्याची मान तिने पाहिली.

“ओळीनेच बघायला पाहिजे असं आहे का?” ती म्हणाली. “शनिवारपर्यंत कसं संपायचं? मधलंच एखादं घ्या. ओ घ्या.”

“ओ कशाला?”

“असंच.”

“असंच म्हणून शब्द सापडत नाहीत गो.” त्याने पट्टी आपटली. चहा बशीत हिंदकळला. “आठ दिवस डोळे फोडतोय मी. तुला काय वाटतं, खेळ आहे हा?”

तांदूळ धुऊन तिने भात चढवला. थोड्या वेळाने मागून बरीचशी पानं एकदम उलटल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही. पट्टी सरकत राहिली, मग थांबली.

“सापडला,” गुणाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. “ऑक्सिजन.”

“हो का?”

“प्राणवायू. माणसाला श्वास पुरेना झाला की त्याला...” तो मध्येच थांबला. जानकी झाकण उचलून भात बघत होती. तो बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिला.

मग त्याने कुपन पुढे ओढलं. बारावा शब्द लिहिला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वय लिहिलं. पेन थांबलं.

“इथे काम काय करता, ते विचारलंय.”

जानकीने भातावर झाकण ठेवलं.

“तुला तिथे विचारतात? नवरा काय करतो म्हणून?”

“विचारतात की.”

“मग काय सांगतेस?”

जानकीने स्टोव्ह बारीक केला.

“गिरणीत आहेत म्हणते.”

गुणाजीने मान खाली घातली आणि लिहिलं. त्या शब्दासाठी त्याला डिक्शनरी उघडावी लागली नाही.