एका बटणावरचे दिवे

कळसच्या जयवंताच्या नव्या घरात दुपारपासून तिसऱ्यांदा एमसीबीचा खटका पडला, तेव्हा वायरमन रसूल स्टुलावरून उतरला आणि पायरीवर बसून राहिला. मान वर करून करून खांद्यांचं लाकूड झालं होतं. मागच्या अंगणात आचाऱ्यानं चूल पेटवली होती. संध्याकाळी वास्तुशांतीचं जेवण होतं.

हॉलच्या पीओपीच्या छतात चाळीसेक छोटे गोल दिवे बसवले होते, सगळे एकाच बटणावर. जयवंताचा तसा हट्टच होता. त्याचे वडील गेल्यापासून आई प्रयागबाई कुणाच्या हळदी-ओटीला पुढं होत नव्हती. लोक होऊ देत नव्हते म्हटलं तरी चालेल. या घरातले दिवे मात्र पहिल्यांदा तिनंच लावायचे, तिच्या एका बोटानं हॉल उजळायचा, असं त्यानं ठरवलं होतं. दगडाबाई आत्यानं सकाळीच तोंड वाकडं केलं होतं. घरातल्या सवाष्णींना काय धाड भरली होती, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली होती.

रसूलचा सगळा जन्म बल्बच्या हिशेबात गेला. वॅटची बेरीज करायची आणि एमसीबी बसवायची. त्या हिशेबानं हे सगळे दिवे मिळून एका इस्त्रीएवढेही नव्हते. बसवताना त्यानं एकेक ओळ लावून पाहिली, तेव्हा काही झालं नाही. सगळे एकदम लावले की खटका पडायचा. शेवटी इंदापूरच्या दुकानदाराला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक दिव्यामागं एक डबी असते, ती पेटताक्षणी हिसका मारून वीज ओढते आणि मग गप्प होते. एकट्या डबीचा हिसका कळतसुद्धा नाही. सगळ्यांनी मिळून ओढलं की एमसीबीला वाटतं, कुठंतरी शॉर्ट झालं.

"मोठी बत्तीस अँपची टाका की, चाचा," जयवंता म्हणाला. "आजच्या दिवस. उद्या काढू."

रसूलनं असे 'उद्या' खूप घरांत पाहिले होते. "वायर बारीक हाय, बाबा. पुढं लोड वाढला तर वायर आदी जळंल, मंग खटका पडंल. आन् वर समदं पीओपी."

"आन् आईनं बोट लावलं आन् अंधार झाला, तर? लोक काय म्हनतील, ठावं हाय न्हवं तुमाला?"

ठाऊक होतं, म्हणून तर रसूल पुन्हा उठला. दिव्यांचे चार भाग करायचे, हॉलमधल्या चार बोर्डांवर चार बटणं, चार एमसीबी, त्याही हिसका सोसणाऱ्या. जयवंता त्या आणायला इंदापूरला गेला. रसूल पाइपातून वायरी ओढत राहिला. हात भरून आले, तरी ओढत राहिला.

दिवेलागणीला माणसं हॉलमध्ये जमली. प्रयागबाईनं पदर सावरला आणि बटण दाबलं. दारासमोरची ओळ लागली. बाकी हॉल अंधारातच.

"येवढाच व्हय उजेड?" दगडाबाई म्हणाली.

जयवंतानं रसूलकडं पाहिलं. रसूल एमसीबीच्या डब्याशी उभा होता.

प्रयागबाईनंच विचारलं, "भावजी, आनखी हायती न्हवं?"

त्यानं मान हलवली. ती दुसऱ्या बटणाकडं निघाली. गुडघ्यांमुळं सावकाश चालायची. पुढं उभ्या राहिलेल्या सवाष्णींना भिंतीला टेकून वाट द्यावी लागली. दुसरी ओळ लागली. मग तिसरी. डब्यातला एकही खटका पडला नाही.

चौथं बटण दगडाबाईच्या पाठीमागं होतं. प्रयागबाई तिच्यासमोर जाऊन थांबली.

"वन्सं," ती म्हणाली, "जरा सरका."

दगडाबाई सरकली.