वळणापुरता मेलेला माणूस

स्तामेन दोल्ना क्रुशा गावाच्या वळणावर ट्रकखाली येऊन गेला. चांगला माणूस होता. मरताना त्याच्या डोक्यावर तीच लोकरी टोपी होती, जी चुलीत घाल म्हणून बायको दहा वर्षं सांगत होती. बरं, हे आता विसरा. असं काही घडलंच नाही असं धरून चालू. कारण शनिवारी सकाळी पाव आणायला निघालेल्या स्तामेनला तरी कुठे काही ठाऊक होतं?

वळणावरच्या बसथांब्यापाशी शेजारीण ग्रोझ्दाना डोळे पुसत उभी होती. हातात कार्नेशनची दोन फुलं. स्तामेनला पाहून ती दचकली, मग भडकली.

"तू इथे काय करतोयस?"

"पाव आणायला चाललोय."

"मेलास ना काल?"

"काल मी वांगी खाल्ली," स्तामेन म्हणाला. "बाकी काही आठवत नाही."

ग्रोझ्दानाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दोन फुलांतलं एक काढून पिशवीत टाकलं आणि उरलेलं त्याच्या हातात कोंबलं. मेलेल्याला सम फुलं, जित्याला विषम, अशी रीत. हिशोब चुकवणारी बाई नव्हती ती. "फुकट रडवलंस," असं बजावून ती निघून गेली.

थांब्याच्या भिंतीवर काळ्या चौकटीतला कागद होता, आपल्या बल्गेरियन गावांत कुणी गेलं की दारादारांवर लागतो तसा. वर स्तामेनचा फोटो. भाच्याच्या लग्नातला, ग्लास कापून टाकला होता, पण ग्लास धरलेली बोटं राहिली होती, त्यामुळे तो अदृश्य काहीतरी पीत पीत गेल्यासारखा दिसत होता. नाव टपोऱ्या अक्षरांत. खाली 'ह्याच वळणावर', जरा बारीक. त्याखाली 'तू आत्ता चालला आहेस त्याच वेगाने चाललेल्या ट्रकखाली', आणखी बारीक. सगळ्यांत खाली मुंग्यांची रांग असावी तशी एक ओळ होती. ती वाचायला स्तामेनला नाक भिंतीला लावावं लागलं. पण चष्मा घरी राहिला होता, म्हणून तो घरी गेला.

नेव्याना मिरच्या भाजत होती.

"नेव्याना, मी मेलोय का?"

"फक्त वळणावर," ती म्हणाली. "घरात ये, दार लाव, धूर बाहेर जातोय."

स्तामेन बसला. तिला ओरडायचं त्याच्या मनात होतं, पण दाराजवळ टेकवून ठेवलेल्या दोन लाकडी मुठी त्याला दिसल्या. त्या हातगाडीच्या मुठी होत्या. हातगाडीचा बाकीचा भाग कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. घर रस्त्याच्या ह्या बाजूला, नेव्यानाची बाग त्या बाजूला, आणि मधून सीमेवरचे ट्रक उतारावरून येत, जणू खाली त्यांची वरात थांबली आहे. खुब्याच्या ऑपरेशनपासून नेव्याना रस्ता ओलांडायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात एखादी गोगलगायही पुढे निघून जावी. गेल्या सोमवारी एक ट्रक आला आणि टोमॅटोंसकट हातगाडी घेऊन गेला. नेव्याना रस्त्याच्या मधोमध दोन मुठी धरून उभी राहिली. स्तामेन फाटकातून पाहत होता. त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. बाग सोड, असं त्याने एकदाच म्हटलं होतं. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यापेक्षा ट्रक परवडला.

"नगरपालिकेत गेले होते," नेव्याना मिरची उलटवत म्हणाली. "म्हटलं, वळणाच्या आधी गतिरोधक घाला. तो इंजिनियर म्हणतो, काकू, त्या जागी मृत किती? म्हटलं, एकही नाही. तो म्हणतो, मग जागा धोकादायक कशी? मेल्याशिवाय गतिरोधक बसत नाही. मग म्हटलं, कुणीतरी सुरुवात करायला हवी."

"मग मीच का? तू का नाही मेलीस?"

"मी मेले तर रस्ता कोण ओलांडणार? बाग तुझी आहे का?"

"फोटो तरी बरा लावायचास," तो पुटपुटला.

दुपारी तो कागद फाडायला गेला. माणसाला काही अब्रू असते. त्याने कोपऱ्याखाली नख घातलं आणि तेवढ्यात मागे ब्रेक करकरले. एक लाकडाचा ट्रक हळू झाला, आणखी हळू झाला, आणि अखेर थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. कुठलाही बल्गेरियन माणूस काळ्या चौकटीवरून न वाचता जाऊ शकत नाही. ओळखीचा निघाला तर? ड्रायव्हरचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीपाशी त्याचे डोळे बारीक झाले. मग त्याने टोपी काढली.

"तुमचे कोण होते?"

"जवळचे होते," स्तामेन म्हणाला.

"देव क्षमा करो."

"करेल असं वाटतंय."

ट्रक रांगत पुढे गेला. आता चष्मा होता, म्हणून स्तामेनने ती ओळ वाचली: 'ही ओळ वाचता येत असेल तर तुझा वेग बरोबर आहे. आता पुढे बघ, माझी बायको रस्ता ओलांडते आहे.'

त्याने नख काढून घेतलं. कोपरा थुंकी लावून पुन्हा चिकटवला.

त्यानंतर जे झालं ते सगळ्या दोल्ना क्रुशाने पाहिलं. गाड्या वळणावर येत आणि शहाण्यासारख्या चालीला लागत. ज्यांना आपली लिपी येत नसे ते तुर्की ट्रकवालेही हळू होत, कारण पुढचा वाचत असे. आणि त्या सगळ्यांच्या समोरून नेव्याना नवी हातगाडी ढकलत, मध्येच थांबून कंबर सरळ करत, एखादी राणी आपलं सैन्य पाहायला निघावी तशी पलीकडे जाई. स्तामेन फाटकात बसून बघे. त्याला झोप लागू लागली. मेलेल्या माणसाला शोभेल अशी गाढ.

चाळिसाव्या दिवशी नेव्यानाने मेलेल्यासाठी करायच्या रीतीप्रमाणे गहू शिजवले, वर पिठीसाखर पेरली आणि पातेलं घेऊन वळणावर बसली. ड्रायव्हर थांबत, चमचाभर घेत, "देव क्षमा करो" म्हणत. स्तामेननेही दोनदा घेतले.

त्याच दिवशी नगरपालिकेचा तोच इंजिनियर, ओग्नियान, आला. तरणा होता, बूट नवे होते. त्याने कागद पाहिला, मग स्तामेनला पाहिलं, मग पुन्हा कागद.

"हे तुम्हीच."

"फोटो वाईट आलाय," स्तामेन म्हणाला.

"काका, जिवंत माणसाचा मृत्यू जाहीर करता येत नाही! आणि ह्याने ड्रायव्हरचं लक्ष विचलित होतं."

"म्हणून तर शेवटी पुढे बघ असं लिहिलंय," नेव्याना म्हणाली. "वाच ना, शिकलेला आहेस."

"मी ह्याचा फोटो काढतो आणि मग काढून टाकतो." ओग्नियानने फोन वर धरला. कागद चौकटीत मावेना. तो एक पाऊल मागे गेला. आणखी एक. मागे बघायची सवय त्या खात्यात कुणालाच नव्हती.

"अरे पोरा!" स्तामेन ओरडला.

सिमेंटचा टँकर उतारावरून आला होता. पण त्याचा ड्रायव्हर त्या वेळी कागदाच्या तिसऱ्या ओळीवर होता. पुढचा लोखंडी दांडा ओग्नियानच्या कोटाच्या बटणाला हलकेच टेकला आणि टँकर थांबला. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर झुकला.

"बाजूला हो रे! शेवटची ओळ दिसत नाहीये!"

ओग्नियान काठावर येऊन बसला. त्याचं तोंड पातेल्यातल्या साखरेसारखं पांढरं झालं होतं. नेव्यानाने त्याच्या हातात गव्हाची वाटी दिली. "खा. तुझ्यासाठी केलेले नव्हते, पण थोडक्यात चुकलं."

त्याने वाटी संपवली. मग वळणाकडे पाहिलं. एक बस आली, हळू झाली, गेली.

"काका," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही मेलेले असता तर कागद राहिला असता. जिवंत आहात म्हणून मला तो काढावाच लागेल. मधलं काही नियमात नाही." त्याने खिशातून पेन काढलं. "पण तुम्ही मधलं काही मागणारा अर्ज दिलात, तर निर्णय होईपर्यंत मला कागदाला हात लावता येणार नाही."

"आणि निर्णय कधी होतो?" नेव्यानाने विचारलं.

"साध्या अर्जाला वर्षं लागतात, काकू. वेडपट अर्ज असेल तर सही कोण करणार? तो टेबलावरून टेबलावर जात राहतो."

नेव्यानाने स्तामेनकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्याला पहिल्यांदाच म्हणाली, "स्तामेन, तुला सुचेल ते बोल."

ओग्नियानने स्वतःच्या हाताने लिहून घेतलं:

'माननीय नगरपालिका, विनंती की अर्जदारास बसथांब्यापासून नेव्यानाच्या बागेच्या फाटकापर्यंत, सर्व ऋतूंत, अधिकृतपणे मृत मानावे. घरात, दुकानात व पेन्शनच्या रांगेत मात्र जिवंत मानावे. त्यास गतिरोधकाचा दर्जा देऊन वर्षातून एकदा पांढऱ्या रंगाने रंगवावे. आणि अर्जदार कधीकाळी खरोखर वारल्यास, ती घटना पूर्वीच घडून गेली असल्याने, तिला परवानगी नाकारावी.'