शनिवारचा बुध

"रात्री गच्चीवर मुली नकोत," असं म्हणत चांदोरकर सरांनी मरिया उजागरेच्या नावापुढचं 'खगोल' खोडलं आणि 'इलेक्ट्रॉनिक्स' लिहिलं. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. प्रकल्प ठरवायचा दिवस.

"मग मी दिवसा निरीक्षण करते, सर."

"दिवसा आकाशात कावळे असतात, मिस उजागरे."

वर्गात खसखस पिकली.

"आणि सूर्य," मरिया म्हणाली. "दहा नोव्हेंबरला बुध सूर्यासमोरून जाणार आहे, भर दुपारी. त्याची नीट नोंद आणली, तर द्याल खगोल?"

"बघू," सर म्हणाले. म्हणजे नाही.

त्या शनिवारी कॉलेजच्या गच्चीवर मांडव पडला. प्रमुख पाहुणे, हार, नारळ, लांबलचक भाषण. दुर्बीण मुलांच्या ताब्यात. मुलींनी रांगेनं यायचं, दुर्बिणीमागच्या कागदावर डोकावायचं आणि खाली उतरायचं. मरिया त्या रांगेत गेलीच नाही. ती भिंगारला घरी गेली.

तिचे वडील याकोब लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते. लिलावातल्या भंगारातून आणलेली तोफेवरची दुर्बीण त्यांनी पश्चिमेच्या खिडकीत फिरवता येईल अशी बसवून दिली होती. खोलीत अंधार करून मरियानं समोर पांढरा पुठ्ठा धरला. त्यावर ताटलीएवढा सूर्य उतरला. मध्यावर मसुरीएवढा एक काळा डाग होता. थोड्या वेळानं कडेनं आणखी एक ठिपका आत शिरला, मोहरीहून बारीक.

"काचेवरची घाण असंल," याकोब म्हणाले.

"नळी फिरवा, पप्पा."

त्यांनी नळी फिरवली. घाण असती तर तीही फिरली असती. ठिपका जागचा हलला नाही.

"मग ह्यो मोठा?"

"तो सूर्याचा स्वतःचा डाग. चांगले काही दिवस राहील. बारीक आहे ना, तो बुध."

बारीक ठिपका दुपारभर सरकत राहिला, मोठा जागीच बसला. सूर्य बाहेरच्या कडुलिंबामागे जाईपर्यंत मरियानं दोघांच्या जागा कागदावर टिपल्या.

सोमवारी कॉलेजच्या फळ्यावर मुलांनी काढलेलं चित्र लागलं होतं. सूर्य, त्याच्या मध्यावर एकच मोठा डाग, बाजूला 'बुध' आणि खाली पाहुण्यांची झोकदार सही.

"काय मरियाबाई, तोफ उडाली का?" वर्गातल्या छगननं विचारलं.

तिनं आपला कागद सरांपुढे ठेवला. सरांनी बारीक ठिपक्यावर बोट टेकवलं. "हा होय? ही धूळ. आम्हालाही दिसली."

"मी काच दोनदा पुसली," छगन म्हणाला, "तरी जाईना. मग दिली सोडून."

"बुध शनिवारीच गेला ना, सर?" मरियानं विचारलं.

"अर्थात."

"मग आत्ता वर चला."

"अहो, त्या चित्रावर पाहुण्यांची सही आहे. पेपरात बातमी दिलीय."

"म्हणूनच चला."

ती जिना चढू लागली. पोरं तमाशा बघायला मागे धावली, मग सरांनाही जावं लागलं. छगननं दुर्बीण सूर्याकडे लावली आणि मागे पांढरा कागद धरला. मोठा डाग मध्यावरून कडेकडे सरकला होता, पण अजून सूर्यावरच ठाण मांडून होता. बारीक ठिपक्याचा मागमूस नव्हता.

"सर," मरिया म्हणाली, "तुमचा बुध अजून गेलेला नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी वाकून कागदावर तो बारीक ठिपका शोधला.

"फळ्यावरचं चित्र काढून टाक रे, छगन," ते शेवटी म्हणाले.

"आणि खगोल, सर?"

"घ्या. पण रात्रीचं काय..."

याचं उत्तर ती सकाळपासून घोकत होती: पप्पा येतील, मी वर असेपर्यंत जिन्यात बसून राहतील. शब्द ओठांवर आले. तिनं भोवतालच्या पोरांकडे पाहिलं. यांच्यापैकी कोणाचा बाप जिन्यात बसणार होता?

तिनं ते वाक्य गिळलं.

"गच्चीची किल्ली लागेल, सर," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

सरांनी खिशातून जुडगा काढला. कड्यातून किल्ली निघता निघेना. मरियानं हात मागे घेतला नाही.