तिच्या वाटचं उत्तर

"किल्ल्या!" गॅलरीत दाढी करता करता नवरा ओरडला. "कपाट नव्हे, कपाटाच्या किल्ल्या हरवल्यात. पुढे 'वेअर' आहे, अनेकवचन, दिसत नाही का?"

तिने मोठ्याने वाचलेल्या इंग्रजी वाक्यातल्या 'विच' या शब्दावरच तिचं बोट अजून होतं. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता भांडारात जागा निघाली होती, पण तिथल्या सूचना इंग्रजीत, म्हणून तोंडी परीक्षा. आपल्याकडे 'जो' आला की पाठोपाठ 'तो' येतोच. ही इंग्रजी बया मात्र दोन-दोन नामं पुढ्यात टाकते आणि मागून 'हू' नाहीतर 'विच' लावून माहिती सोडून देते. कुणाची, ते तुमचं तुम्ही बघा! तिने आपली एक रीत काढली होती. त्या शेपटावर बोट ठेवायचं, मागे जायचं आणि एकेका नामाला दरडावून विचारायचं, "तुझं का रे हे?" हळूहळू जमतही होतं. पण नामाने तोंड उघडायच्या आत हा उघडायचा.

"मला शोधू द्या ना जरा."

"अगं, उद्या परीक्षा! शोधत बसलीस तर झालंच कल्याण."

"आई, तू बाबांनाच पाठव परीक्षेला," मुलगी आतून हसत म्हणाली.

तिला हसू आलं नाही. डॉक्टरने तिला विचारावं, कुठे दुखतंय, आणि याने सांगावं, "डाव्या कुशीत." दुखायचं उजव्या! चपलांच्या दुकानात पाय तिचे, नंबर सांगणार हा. माणूस वाईट नव्हता, तिथेच तर सगळी पंचाईत होती. वाईट असता तर कधीच भांडून मोकळी झाली असती.

दुसऱ्या दिवशी परीक्षकाने तीन वाक्यं पुढे ठेवली. पहिल्यावर बोट ठेवलं आणि तिची मान आपोआप बाजूला वळली. बाजूला भिंत होती. दोन उत्तरं बरोबर आली, पण रडतखडत. तिसऱ्याला वेळ संपला.

"येत होतं की तुम्हाला," परीक्षक कागद आवरत म्हणाला. "कुणाची वाट बघत होतात?"

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

घरात पाऊल टाकते न टाकते तोच नवरा म्हणाला, "कुठलं अडलं? वाक्य सांग, मी सांगतो."

"नाही सांगणार!" तिने पिशवी आपटली.

"अगं, मी मदतच..."

"डोंबलाची मदत! माझ्या तोंडाला गंज चढवलात तुम्ही. उत्तर डोक्यात होतं हो, ते बाहेर काढायची सवयच राहिली नाही मला. गेलं भांडार. पिळते आता परत चादरी!"

नवरा गांगरला. मुलीकडे वळून म्हणाला, "हिला झालंय तरी काय?"

"तिला काय विचारता? मी इथे उभी आहे ना ढळढळीत! मला विचारा."

तो तिच्याकडे वळला. मग तो अडखळत म्हणाला, "काय... काय झालंय तुला?"

तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"सांगते. मध्ये बोलायचं नाही."

तोही समोर बसला. कुठून सुरुवात करावी ते तिला काही केल्या सुचेना.